मदत हवी आहे: अमेरिकेतली डीव्हीडी इथे कशी लावायची?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीच्या आतेभावाने घर आवरताना सापडलेली 'दॅट्स माय बुश!'ची डीव्हीडी मला पाठवली आहे. 2001 मधली मालिका, भाग जेमतेम 8. जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्ष होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा कॉमेडी सेंट्रलवर सुरू झाली. 'साउथ पार्क'वाल्या ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांचीच. टिमथी बॉटम्स बुश झालाय.

गंमत अशी की यात राजकारण तोंडी लावण्यापुरतंच. व्हाइट हाउस म्हणजे एखाद्या घरगुती विनोदी मालिकेतला दिवाणखाना: रुसलेली बायको, फटकळ मोलकरीण, कधीही टपकणारा शेजारी. टर उडते ती खरं तर अशा मालिकांचीच. खर्च झेपेना म्हणून लगेच बंदही पडली.

आता अडचण. डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागात चालेल, हे तिच्या रीजन क्रमांकावर ठरतं. ही डिस्क रीजन 1 ची, आपल्याकडे रीजन 5. आमचा जुना प्लेअर दोनदा खर्रर्र करतो, पडद्यावर रीजनची तक्रार दाखवतो आणि ट्रे बाहेर! जणू जीभच दाखवतोय. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, त्यातले चार माझ्या चिरंजीवांनी आधीच उडवलेत.

तर, व्हीएलसीवर (लॅपटॉपवर व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर) रीजन न बदलता अशी डिस्क कुणी लावली आहे का? की बाहेरून जोडायचा वेगळा ड्राइव्हच घ्यावा? पुण्यात सगळे रीजन चालणारा जुना प्लेअर कुठे मिळेल?

आणि हो, सबटायटल्स मिळाली तर सोन्याहून पिवळं. बाबांनाही बघायचीय, पण तो टेक्सासी हेल त्यांच्या कानाला झेपत नाही.