दूध, तूप, मासे हळूहळू सुटताना : तुमचेही अनुभव लिहा

हळदीचं पान
काल शेजारच्या काकूंनी खरवस आणून दिला. वाटी हातात घेतली आणि एकदम चौथीतली मे महिन्याची दुपार आठवली. देवगडच्या घरी कपिला व्यायली होती, पाडा झाला होता. आजी धार काढायला बसली की आधी त्याला दोन घोट प्यायला सोडायची, पान्हा फुटला की ओढून बाजूला. दावं धरून मी उभी. त्याच्या तोंडाला फेस, मान आईकडे वळलेली, आणि दाव्याचा काथ्या माझ्या तळव्याला काचायचा. पावसाळा संपल्यावर पाडा गोठ्यात दिसेना. विचारलं तर "दिला" एवढंच. कोणाला दिला ते आजवर कोणी सांगितलेलं नाही.

खरवस बाबांना दिला. रात्री मात्र झोप लागली नाही, म्हणून हे लिहितेय.

२०२१ पासून मी एकेक सोडत व्हीगन होत आलेय, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच खायचं नाही. आधी अंडी, चिकन. मग दूध, दही. मासे तिसऱ्या वर्षी. तूप गेल्या गणपतीत सुटलं, मोदकाच्या उकडीत चमचाभर खोबरेल घातलं आणि वरून नारळाचा घट्ट रस. आई म्हणाली, बाप्पाचा नैवेद्य तुपाचा वेगळा काढते, तू तुझं खा. भांडण न होता झालं, याचं मला अजून बरं वाटतं. सुरुवातीला महिनाभर रोजचं जेवण वहीत लिहिलं होतं. कुळथाची पिठी, सोलकढी, अळूचं फदफदं, घावन आणि रस, काळ्या वाटाण्याचं सांबारं. अर्ध्याहून जास्त पानं आधीपासूनच तशी होती.

तुमचं कुठे अडलं? घरच्यांनी कसं घेतलं? लिहा.

दर्यावर्दी
आमचं मालवणचं घर रापणीवालं, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारं. मासे सोडतो म्हटल्यावर वडील चार दिवस बोलले नाहीत. मी पावसाळी मासेमारीबंदीपासून सुरुवात केली. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद, घरात सुकेच असतात, ते खाल्ले नाहीत. पुढे श्रावण आम्ही पाळायचोच. नारळी पौर्णिमा झाली, श्रावण संपला, मी म्हटलं अजून एक महिना बघू. त्या महिन्याला आता चार वर्षं होतील. वासाने अजून जीभ चाळवते, खोटं कशाला बोलू.

बांगड्याच्या तिखल्यात मला खरं तर तिरफळं आणि कोकमच हवी असायची हे नंतर कळलं. आता त्यात सुरण. आईने पहिल्यांदा केलं तेव्हा ताट वाढून शेजारी उभी राहिली, मी घास घेईपर्यंत हलली नाही.

कोकमाची साल
दर्यावर्दी, निरफणसाची कापं करून बघा!! हळद तिखट मीठ, कोकमाचं आगळ चोळून अर्धा तास ठेवायची, तांदळाचं पीठ आणि रव्यात घोळवून तव्यावर. कडा कुरकुरीत होईपर्यंत हलवायची नाहीत. माझा मुलगा सुरमई सोडून ह्यावर येतो

परसबाग
तिरफळं पुण्यात मिळतात का कुठे? धाग्याशी संबंध नाही सॉरी

कोकमाची साल
गणपतीत ओली येतात, मी वाळवून ठेवते. व्यनि (खाजगी निरोप) करा, पाठवते. आतली काळी बी काढून टाका, नाहीतर कडू होतं

परसबाग
🙏🙏 देवमाणूस

चिंचेचा चाळ
माझं चहावर अडलंय. बाकी सगळं जमलं. सोया दूध चहात घातलं की फाटतं, वर चोथा तरंगतो. सकाळी सहाला ते बघून रडू येतं.

सड्यावरची
दूध वेगळं कोमट करायचं. चहा गाळून दोन मिनिटं निवू द्यायचा, मग दुधात चहा ओतायचा, चहात दूध नाही. दोन्ही एकत्र उकळायचं नाही. माझ्याकडे आलं घातलं की हमखास फाटतं, म्हणून गवती चहाची पात घालते.

खरं सांगू, मी वर्षभर झगडून शेवटी कोऱ्यावर आले. आत्याकडे गेले की अजून म्हणते, "गो चेडवा, दूध नाय तर चायेत काय घालतलंस?" आणि तरी मला तिच्या कोऱ्या चहात गूळ घालून देते. त्या गुळासाठी मी तिच्याकडे मुद्दाम जाते.

वालाची शेंग
अलिबागकडची मी. आमच्याकडे थंडीत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, आणि मंडळी चिकन, अंडी घालतात. मी दोन वर्षं गेलेच नाही, वाईट वाटायचं. ह्या जानेवारीत भावाने छोटं मडकं वेगळं लावलं, नुसत्या शेंगा, बटाटे, रताळी, जाडं मीठ आणि ओवा. मडकं उपडं करून पाला बाजूला केला तर सगळे आधी माझ्याच मडक्यावर. भाऊ काही बोलला नाही. पण पुढच्या वेळी दोन लावू म्हणाला.

नाचणीसत्व
एक कळकळीची गोष्ट सांगते, कृपा करून वाचा. मी तीन वर्षं नीट काढली. मग हातापायांना मुंग्या, जिना चढताना दम, भाजीला गेले की काय आणायचं तेच आठवेना. एका दवाखान्यात सहा महिने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर बी-१२ तळाला. शरीरात साठा असतो म्हणून पहिली वर्षं काहीच कळत नाही. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, आंबवलेल्या पदार्थांवर आणि शेवाळावर विसंबू नका. गोळी घ्यायची, तपासणी करायची. मुंग्या जायला मला आठ महिने लागले. बाकी कॅल्शियमला नाचणी आणि तीळ, प्रथिनांना कुळीथ, वाल, सोयाबीन आहेच.

चिंचेचा चाळ
बाप रे. काळजी घ्या. मी उद्याच तपासून घेते

हळदीचं पान
नाचणीसत्व, बरं झालं लिहिलंत. मीही पहिलं वर्ष गोळी घेतली नव्हती.

गोठ्यातून
थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. आमच्या दोन म्हशी आहेत. दुधाच्या पैशांवर बहिणीचं नर्सिंग झालं. रेडा झाला की घरात कोणी बोलत नाही, हे पाड्याचं वाचून आठवलं. मी स्वतः दूध सोडलेलं नाही, सोडेन की नाही सांगता येत नाही. पण तिसरी म्हैस घेणार होतो ती नाही घेतली. तेवढ्या जागेत काजूची कलमं लावली, वेंगुर्ला ४ जातीची.

हळदीचं पान
राग कशाचा दादा. उलट तुम्ही लिहिलंत म्हणून धीर आला.

सासुरवाडी रत्नागिरी
सासऱ्यांना हे कालचं खूळ वाटायचं. लेकीने सांगितलं, आजोबा, व्हीगन शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये निघाला. "म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठा" म्हणाले आणि त्यानंतर माझ्या ताटाबद्दल कधी बोलले नाहीत.

पाकिटांचं मात्र बघा हं. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दुधाची पावडर असू शकते. बिस्किटांत मी फसले होते. व्हीगनसाठी वेगळं हिरवं व्ही चिन्ह २०२२ च्या नियमांनी आलंय.

वालाची शेंग
दही कोणी लावतं का? ताक फार आठवतं

सड्यावरची
शेंगदाण्याचं. वाटीभर रात्री भिजवायचे, सालं काढून तीन वाट्या पाण्यात बारीक वाटून गाळायचं. ढवळत उकळायचं, खाली लागतं पटकन. कोमट झालं की हिरव्या मिरचीची पाचसहा देठं बुडवून झाकून ठेवायचं. आपल्या दमट हवेत रात्रीत लागतं. पहिलं जरा उग्र लागेल, त्याच्या विरजणाचं दुसरं छान. मुलाला शाळेतून आणायचंय, बाकी रात्री लिहिते

हळदीचं पान
मघाशी काकू वाटी न्यायला आल्या. रिकामी कशी देणार, ओल्या काजूची उसळ घालून दिली. खरवस आवडला का विचारलं. मी सांगितलं, बाबांनी खाल्ला, मी दूध सोडलंय. थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, पाडी झालीय गो, ठेवणार आहोत.

परसबाग
ओले काजू आले पण तुमच्याकडे?? काय भाव

हळदीचं पान
विकतचे नाहीत, आमचेच. सोलून बोटांची सालं निघालीत चिकाने