एम.ए. इंग्लिश: प्रॅग्मॅटिक्सचा पेपर घ्यावा का? मॅक्झिम पाठ आहेत, संवाद दिला की गाडी अडते

ऑफलाइन_पाखरू

नमस्कार मंडळी. एम.ए. इंग्लिशच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, बी.ए. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजातून. या सत्रात दोनपैकी एक पेपर निवडायचाय: डायस्पोरा (परदेशी स्थायिक झालेल्यांचं) साहित्य किंवा प्रॅग्मॅटिक्स (बोलणाऱ्याला शब्दांपलीकडे काय म्हणायचंय, त्याचा अभ्यास). अ‍ॅडव्हान्स्ड इंग्लिशचा पेपर सक्तीचा आहेच. फॉर्म बदलायची मुदत शनिवारपर्यंत.

डायस्पोराला गाइडं मिळतात, वर्गातली बहुतेक पोरं तिकडेच चाललीत. मला प्रॅग्मॅटिक्स आवडतं, पण अडतं कुठे ते सांगते. ऑस्टिन, सर्ल यांची थिअरी, ग्राइसचे चार मॅक्झिम (संवादाचे नियम: खरं, पुरेसं, मुद्द्याला धरून आणि स्पष्ट बोला), लीचचे सौजन्याचे सहा, सगळं पाठ आहे. चाचणीत सरांनी एका नाटकातला आठ ओळींचा संवाद दिला आणि 'अ‍ॅनलाइज' म्हणाले. मी दीड पान ग्राइस लिहिला आणि शेवटी 'द स्पीकर फ्लाउट्स द मॅक्झिम ऑफ रिलेशन' हे एक वाक्य. 20 पैकी 8. खाली लाल शाईत शेरा: 'सो व्हॉट?'

तर याचा अभ्यास नेमका कसा करतात? पुस्तक कोणतं? आणि इंग्रजी जेमतेम असताना हा पेपर घेणं शहाणपणाचं आहे का? मला अरेतुरे केलं तरी चालेल, लहान आहे मी.

पेठेतला_एक

अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून पाहिली आहे का? त्यात संदर्भग्रंथांची यादी असते.

नेटग्रस्त

घे बिनधास्त. नेट परीक्षेच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात भाषेचा वेगळा घटक आहे, तिथे हा अभ्यास कामी येतो. आधी युलचं 1996 चं ऑक्सफर्डचं पातळ पुस्तक वाच. लेव्हिन्सनचं 1983 चं केंब्रिजचं जाडजूड आहे, ते सुरुवातीला हातात घेतलंस तर डायस्पोराकडे पळशील. ई-पीजी पाठशालेवर भाषाविज्ञानाची मॉड्यूल्स फुकट आहेत. थिअरीपुरती बरी आहेत. संवाद कसा फोडायचा, हे मलाही कुणी नीट शिकवलेलं नाही, त्यामुळे इथे बसून वाट बघतोय.

गोदाकाठची

नांदेडकडच्या एका कॉलेजात बरीच वर्षं हा पेपर शिकवला, आता निवृत्त आहे. तू 'अरेतुरे चालेल' म्हणालीस म्हणून तू म्हणते. तुझं ते वाक्यही आपल्या विषयाचा माल आहे, पण राहू दे, त्याहून चांगला नमुना या धाग्यातच पडलाय.

पेठेतल्यांचा प्रतिसाद बघ. व्याकरणाने तो हो-नाहीचा प्रश्न. तू 'हो, पाहिलीय' असं सरळ उत्तर देऊन गप्प बसलीस तर सगळे हसतील, कारण इथे प्रश्न विचारलेलाच नाही. 'स्वतः शोधायचे कष्ट न घेता इथे आलीस' असं त्यांना म्हणायचंय, आणि ते त्यांनी लिहिलेलंही नाही. उद्या तू रागावलीस तर 'छे, मी तर मदतच करत होतो' म्हणायला वाट मोकळी. (पेठेतले, राग मानू नका. नमुना उत्तम आहे म्हणूनच घेतला.)

तुझे सर 'सो व्हॉट' म्हणतात ते इथे. मॅक्झिमचं नाव घेतलं की तुझं उत्तर थांबतं. मार्क तिथून पुढे असतात. कोणता मॅक्झिम मोडला हे चाणाक्ष पोराला दोन मिनिटांत दिसतं. बोलणाऱ्याने तो सगळ्यांच्या देखत का मोडला, ऐकणाऱ्याने त्यातून काय आणि कसं काढलं, आणि सरळ बोलला असता तर काय बिघडलं असतं, हे लिहायचं असतं. ग्राइसची थिअरी उत्तरात चार ओळींपेक्षा जास्त नको. त्याने हे हार्वर्डच्या व्याख्यानांत 1967 ला मांडलं आणि छापून 1975 ला आलं, एवढं पुरे.

एक करून दाखवते. स्थळाची चौकशी करायला माणूस आलाय. शेजाऱ्यांना विचारतो, 'मुलाची नोकरी कशी काय आहे?' शेजारी म्हणतात, 'मुलगा एकदम निर्व्यसनी आहे हो.' विचारलं एक, सांगितलं दुसरं, म्हणून रिलेशन. हवी होती ती माहिती दिली नाही, म्हणून क्वांटिटीसुद्धा. आता पुढे लिही. शेजाऱ्यांना नोकरीची माहिती नाही असं धरता येत नाही, भिंतीला भिंत आहे. विचारणाऱ्यालाही हे ठाऊक आहे. तरी ते मुद्दाम बाजूचं बोलले, आणि बाजूचं बोलतोय हे लपवलंही नाही. म्हणजे नोकरीत सांगण्यासारखं काही नसणार, हे पाहुण्याने काढून घ्यायचं. सरळ का नाही सांगितलं? कारण शेजाऱ्यांना तिथेच राहायचंय. उद्या मुलाचा बाप दारात आला तर 'मी कुठे वाईट बोललो? चांगलंच बोललो' म्हणता येतं. पुस्तकात ज्याला कॅन्सलेबिलिटी म्हणतात ती हीच. ग्राइसने स्वतः शिफारसपत्राचं उदाहरण दिलंय: तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी विद्यार्थ्याची शिफारस मागितली आणि प्राध्यापक फक्त त्याचं इंग्रजी आणि वर्गातली हजेरी यांचं कौतुक करून थांबले. आपले शेजारी त्याच जातीचे. परीक्षेत ही दोन्ही शेजारी-शेजारी मांडलीस तर परीक्षक दुसऱ्यांदा वाचतो.

फ्लाउट आणि व्हायोलेट यांत पोरं कायम घोळ घालतात. उघडपणे, समोरच्याला दिसेल असं मोडलं तर फ्लाउट, आणि इम्प्लिकेचर (न बोलता सुचवलेला अर्थ) त्यातून निघतं. गुपचूप मोडलं, समोरच्याला कळूच नये असा बेत असेल तर व्हायोलेट. खोटं बोलणारा व्हायोलेट करतो, टोमणा मारणारा फ्लाउट.

याची परीक्षा बघायची तर हालाच्या गाथासप्तशतीतली एक गाथा घे. महाराष्ट्री प्राकृतातली, गोदेकाठची, आणि काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनी (काव्यातला सूचित अर्थ) समजावताना घेतलेली. रोज नदीकाठी फिरायला येणाऱ्या धार्मिक माणसाला एक बाई सांगते: आता निवांत फिर बाबा, ते कुत्रं आज मारलं गेलं. गोदेकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने मारलं. शब्दांत 'फीर', अर्थात 'फिरकू नकोस'. तिची भेटायची जागा तिथे आहे आणि हा रोज मधे कडमडतो.

माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी उठून म्हणायचं, 'मॅडम, हे इम्प्लिकेचर.' मी विचारायचे, कुणासाठी? इम्प्लिकेचरला एक अट असते: बोलणाऱ्याला मला काही सुचवायचंय हे ऐकणाऱ्याने ओळखायचं. बुवाने तिचा हेतू ओळखला तर तिचा डाव फसलाच. त्याने फक्त सिंह ऐकून घाबरायचं आहे, आणि निष्कर्ष आपणच काढला असं समजायचं आहे. म्हणजे बुवापुरतं हे इम्प्लिकेचर नाही, ती त्याला खेळवतेय. वाचक मात्र दोन्ही बघतो. वाक्य एकच, ऐकणारे दोन, आणि दोघांचा हिशोब वेगळा. नाटकातला संवाद आला की हेच करायचं: पात्र पात्राला काय सांगतं ते आधी, नाटककार प्रेक्षकाला काय सांगतो ते नंतर. एक धोका सांगून ठेवते. ध्वनी म्हणजेच इम्प्लिकेचर असं लिहू नकोस. आनंदवर्धनाची नजर काव्य आणि रसावर आहे, ग्राइसची रोजच्या बोलण्यामागच्या तर्कावर. तुलना कर, पण दोघांची मोट बांधू नकोस.

आता इंग्रजीचं. जेमतेम इंग्रजी ही या पेपरात वाटते तेवढी अडचण नाही. इथे शैलीदार वाक्यं कुणी मागत नाही, 'अ म्हणाला, ब ने असं धरलं, कारण' एवढी साधी वाक्यं पुरतात. दोन क्रियापदं मात्र पक्की ठेव: बोलणारा इम्प्लाय करतो, ऐकणारा इन्फर करतो. उत्तरपत्रिकेत ही उलटी दिसली की परीक्षकाचा जीव जातो.

उलट अ‍ॅडव्हान्स्ड इंग्लिशच्या पेपराला प्रॅग्मॅटिक्सचा आधार होतो. आपण घरच्या भाषेत म्हणतो, 'सर, दोन दिवस सुट्टी पाहिजे होती.' ते 'होती' काही भूतकाळ सांगत नाही, मागणी मऊ करतं. पोरं अर्जात लिहितात 'आय वॉन्ट टू डेज लीव्ह'. व्याकरण चालून जातं, पण मऊपणा मराठीतच राहून गेला आणि साहेबाला वाटतं पोरगं उद्धट आहे. जेनी थॉमसने 1983 च्या लेखात अशा घसरणीचे दोन प्रकार केलेत. वाक्याचा साचा चुकीचा उचलला तर प्रॅग्मालिंग्विस्टिक. काय विचारायचं आणि काय नाही याचे संकेतच वेगळे असतील तर सोशिओप्रॅग्मॅटिक, म्हणजे रेल्वेत शेजारच्या परदेशी पाहुण्याला पगार आणि लग्न विचारणं. युल झाल्यावर तिचं 1995 चं पुस्तक घे. उदाहरणांना खरंच रक्तमांस आहे.

सर्लचे बोलण्यातून होणाऱ्या कृतींचे पाच प्रकार, अशी कृती लागू पडायच्या ऑस्टिनच्या अटी वगैरे एका बैठकीत होतात, त्यावर वेळ घालवू नकोस. ऑस्टिनला ग्रामसभेत नेऊन बसव: 'सभा तहकूब' अध्यक्षाने म्हटलं तर सभा संपते, मागच्या रांगेतून कुणी ओरडलं तर हशा होतो. झाल्या अटी.

वही कर. एसटीत, किराणा दुकानात, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऐकलेलं-वाचलेलं जसंच्या तसं उतरव, बोललं कोण, कुणाला, कधी, सगळं. मग इंग्रजीत त्यावर एक परिच्छेद. दोन्ही पेपरांचा अभ्यास एका वहीत होतो.

वाकामे

मी पुण्यात जपानी शिकवते. गोदाकाठच्या ताईंशी सहमत, फक्त एक जोडते. ब्राउन आणि लेव्हिन्सनच्या पोलाइटनेसवर (1978, नंतर 1987 चं पुस्तक) प्रश्न आला तर नुसती फेसची (समोरच्याची आणि आपली पत राखण्याची) थिअरी लिहून थांबू नकोस. त्यांनी त्झेल्टल (मेक्सिकोतली एक भाषा), तमीळ आणि इंग्रजीवरून सगळ्या भाषांचं बोललं. साचिको इदे यांनी 1989 ला जपानीच्या आधारे हरकत घेतली: आदरार्थी रूप हा दरवेळी आखलेला डाव नसतो, समाजाने ठरवलेलं स्थान ओळखून ते वापरावंच लागतं. मराठीलाही हे लागू आहे. सासऱ्यांना 'तुम्ही बसा' म्हणताना कुणी डाव टाकत नाही, दुसरा पर्यायच नसतो. मात्र नवऱ्याला एकांतात अरेतुरे आणि चारचौघांत अहो-जाहो करणाऱ्या बायका आहेत, तिथे पुन्हा निवड दिसते. म्हणजे मराठीत दोन्ही सापडतं. एवढं लिहिलंस तरी टीकात्मक मूल्यमापनाचा भाग झाला.

पेठेतला_एक

राग कसला? नमुना म्हणून निवड झाल्याबद्दल आभारी आहे. (हेही तपासून घ्या.)

ऑफलाइन_पाखरू

सगळ्यांचे आभार. प्रॅग्मॅटिक्सच ठेवतेय. मॅडम, कालपासून वही सुरू केली, पहिली नोंद टाकते. चुकलं तर सांगा.

दुपारी जेवताना बाबा पहिला घास घेऊन म्हणाले, 'मीठ संपलंय का घरातलं?' आई म्हणाली, 'डॉक्टरांनी कमी सांगितलंय.' मी लिहिलं: बाबा व्हायोलेट्स द मॅक्झिम ऑफ रिलेशन. त्यांना भाजी अळणी आहे म्हणायचंय. सरळ म्हटलं तर आईच्या स्वयंपाकाला नाव ठेवल्यासारखं होईल, म्हणून ऑफ रेकॉर्ड, म्हणजे आडून.

गोदाकाठची

शेवटचं वाक्य छान, 'सो व्हॉट'चं उत्तर तिथे आलं. पण व्हायोलेट नाही, फ्लाउट. आईला ते कळावं असंच बाबांना वाटत होतं, लपवायचं काहीच नव्हतं.

आणि आईला अर्ध्यात का सोडलंस? तिच्या उत्तरात मिठाच्या बरणीबद्दल अवाक्षर नाही. विचारलेल्या प्रश्नाला तिने उत्तरच दिलं नाही, न विचारलेल्या तक्रारीला दिलं. बाबांचा अर्थ पोचला याचा पुरावा तीच ओळ आहे, नाहीतर परीक्षक म्हणेल की हे सगळं तुझ्या मनातलं. शिवाय दोष स्वतःच्या हातचा नाही, डॉक्टरांचा, असंही तिने त्याच वाक्यात उरकलं. एकूण या घासात बाबांपेक्षा आईचं बोलणं जास्त भरलेलं आहे. परिच्छेद पुन्हा लिही, आणि त्यावर बाबा काय म्हणाले तेही टाक.