शब्दचर्चा : ‘शांततावाद’ की ‘शांतिवाद’? कॅथलिक वर्कर चळवळीच्या संदर्भात

प्रश्न : गरिबांची सेवा करणारी आणि युद्धाला नकार देणारी अमेरिकेतील कॅथलिक वर्कर चळवळ उभारणाऱ्या डोरोथी डे यांच्या कार्यावरील लेखात मी ‘पॅसिफिझम’साठी, म्हणजे कोणत्याही युद्धाला नकार देणाऱ्या भूमिकेसाठी, ‘शांततावाद’ हा शब्द योजला होता. संपादकांनी त्याऐवजी ‘अहिंसावाद’ सुचवला आहे. यांपैकी कोणता शब्द योग्य? तसेच भुकेल्या-बेघरांना सामावून घेणाऱ्या या चळवळीच्या ‘हाऊस ऑफ हॉस्पिटॅलिटी’ला ‘अतिथिगृह’ म्हटलेले चालेल का?

उत्तर : आपण दिलेल्या तिन्ही शब्दांविषयी मला आक्षेप आहे, आणि त्याचे कारण केवळ व्युत्पत्तीत नसून ज्या माणसांविषयी आपण लिहीत आहात त्यांच्या वागण्यात आहे.

मराठीत ‘शांतता’ म्हणजे सर्वप्रथम आवाज नसणे, गडबड नसणे. ‘शांततावादी’ म्हटले की तंट्यापासून चार हात दूर राहणारा, गप्प बसणारा मनुष्य डोळ्यांसमोर येतो. डोरोथी डे यांच्याविषयी हे चित्र अगदीच खोटे ठरते. 15 जून 1955 रोजी न्यूयॉर्कमध्ये अणुहल्ल्याची सक्तीची कवायत झाली. भोंगा वाजताच सर्वांनी आसऱ्याला जावे असा कायदा होता. त्या मात्र आपल्या सहकाऱ्यांसह सिटी हॉलसमोरच्या उद्यानात बसून राहिल्या आणि त्यांना अटक झाली. पुढच्या वर्षांतही त्यांनी हेच केले आणि त्यासाठी तुरुंगवास भोगला. त्यांची शेवटची अटक 1973 सालची, कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या लढ्यातली. तेव्हा त्यांचे वय 75 होते.

मूळ शब्दातही गप्प बसणे नाही, करणे आहे. ‘पॅसिफिझम’ ही संज्ञा फ्रेंच कायदेपंडित एमिल आर्नो यांनी 1901 साली ग्लासगो येथील शांतता परिषदेत रूढ केली. ती लॅटिनमधील ‘शांती’ आणि ‘करणे’ अशा दोन शब्दांवरून आलेली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात, लॅटिन पाठानुसार, हेच शब्द जोडून आलेले आहेत आणि मराठी बायबलने ते ‘शांती करणारे’ असे नेमके उतरवले आहेत. डे यांच्या भूमिकेचा पायाच ते प्रवचन असल्यामुळे ‘शांतिवाद’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. ‘युद्धविरोध’ पुरत नाही, कारण एखाद्या विशिष्ट युद्धाला विरोध करणारा मनुष्य दुसऱ्या युद्धाला पाठिंबा देऊ शकतो.

‘अहिंसावाद’ अर्थाने दूरचा नाही, आणि या चळवळीतील लोकांना गांधीजींविषयी मोठा आदर होता हेही खरे आहे. तरीही अहिंसेची व्याप्ती आपल्याकडे जीवमात्रापर्यंत, आहारापर्यंत आणि मनातल्या विचारापर्यंत जाते. कॅथलिक शांतिवादाचा प्रश्न निराळ्या जागी उभा आहे : शत्रूवर प्रेम करा असे सांगणाऱ्या ख्रिस्ताच्या अनुयायाने शस्त्र हाती घेऊन त्या शत्रूला मारावे काय? ‘अहिंसावाद’ वापरल्यास वाचक या विचाराचे मूळ भलत्याच परंपरेत शोधू लागेल.

आता ‘अतिथिगृह’. हा शब्द आज सरकारी विश्रामगृहाला किंवा पैसे देऊन उतरण्याच्या जागेला चिकटला आहे. ‘अन्नछत्र’ म्हणावे तर पंगत उठली की संबंध संपतो. ‘आश्रयगृह’ त्यातल्या त्यात बरे, पण त्यात आश्रय देणारा आणि घेणारा अशा दोन पायऱ्या पडतात, आणि नेमक्या त्याच पायऱ्या डे यांच्यासह ही चळवळ सुरू करणाऱ्या पीटर मॉरिन यांना मोडायच्या होत्या. फ्रान्समधून आलेल्या, अंगमेहनतीवर जगलेल्या या माणसाच्या कल्पनेतून ही घरे उभी राहिली. तिथे काम करणारे लोक पगार न घेता त्याच घरात राहतात, रांगेतल्यांना वाढतात तेच सूप पितात, दान म्हणून आलेलेच कपडे घालतात आणि येणाऱ्यांना ‘पाहुणे’ म्हणतात. म्हणून ‘आतिथ्यघर’ हा जोडशब्द मी सुचवीन. न सांगता, तिथी न ठरवता येणारा तो अतिथी, हा आपल्याकडील जुना अर्थ इथे विनासायास लागू पडतो.

पुरवणी प्रश्न : आभारी आहे. मग लेखात गरिबांची सेवा आणि युद्धाला नकार हे दोन वेगळे विभाग करावेत का? शिवाय धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांच्या ‘ले कम्युनिटी’ला ‘सामान्य लोकांचा समुदाय’ म्हणता येईल का?

उत्तर : विभाग वेगळे करू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. तसे केल्यास या चळवळीचा कणाच निघून जातो. कॅथलिक परंपरेत देहाच्या गरजांशी निगडित सात दयाकृत्ये सांगितली आहेत : भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र आणि बेघराला निवारा देणे, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट घेणे, मृताला मूठमाती देणे. डे यांचे म्हणणे असे होते की युद्ध यांतील प्रत्येक कृत्य उलटे करते. ते पिके जाळते, घरे पाडते, माणसांना आजारी, बंदिवान आणि बेवारस प्रेत करते. सकाळी ज्याला भाकरी दिली त्याच्यासारख्याच दुसऱ्या देशातल्या माणसावर दुपारी बॉम्ब टाकण्यास संमती देणे त्यांना अशक्य वाटत होते.

या एकसंधपणाची किंमत त्यांनी मोजली. 1 मे 1933 रोजी, महामंदीच्या काळात, न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये ‘कॅथलिक वर्कर’ या वृत्तपत्राच्या पहिल्या अंकाच्या 2,500 प्रती एक सेंट दराने विक्रीस आल्या, आणि काही वर्षांतच खप लाखाच्या वर गेला. स्पेनच्या यादवी युद्धात कॅथलिकांचा मोठा पाठिंबा असलेल्या सेनापती फ्रँकोची बाजू घेण्यास त्यांनी नकार दिला तेव्हा अनेक कॅथलिक वाचक दुरावले. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर, जानेवारी 1942 च्या अंकात, आपली ख्रिस्ती शांतिवादी भूमिका आम्ही पुढे चालवत आहोत असे त्यांनी पहिल्याच पानावर जाहीर केले. खप कोसळला, मतभेद झाले, बरीच आतिथ्यघरे बंद पडली. नुसती अन्नदानाची संस्था म्हणून राहिले असते तर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले असते.

‘सामान्य लोक’ मात्र नको, कारण तो सामाजिक दर्जाचा शब्द आहे. इथे अर्थ एवढाच की ही माणसे धर्मगुरू नाहीत आणि व्रतस्थही नाहीत. मराठी कॅथलिक लेखनात यासाठी ‘प्रापंचिक’ हा शब्द रूढ आहे. ‘प्रापंचिकांचे समुदाय’ असे लिहावे; 1968 साली रोममध्ये सुरू झालेल्या सान्त एजिदिओसारख्या समुदायालाही तो लागू पडतो. तोही गरिबांच्या सेवेतून सुरू झाला आणि 4 ऑक्टोबर 1992 रोजी मोझांबिकमधील यादवी संपवणारा करार त्याच्याच मध्यस्थीने रोममध्ये झाला.

आणखी एका शब्दाबाबत सावध राहावे. ऑगस्टिन आणि थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मचिंतकांपासून चालत आलेल्या युद्धविषयक सिद्धान्ताला काही लेखक ‘धर्मयुद्ध’ म्हणतात. ते ‘न्याय्य युद्ध’ असे हवे, कारण ‘धर्मयुद्ध’ क्रुसेडसाठी, म्हणजे धर्माच्या नावाने लढलेल्या मध्ययुगीन युद्धांसाठी, वापरले जाते आणि हा सिद्धान्त युद्धाला पवित्र ठरवत नाही, अटींनी बांधतो. शांतिवादी कॅथलिकांचा वाद याच सिद्धान्ताशी होता. 1965 च्या शरद ऋतूत, कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद युद्धाविषयीचा मसुदा चर्चेला घेत असताना, डे यांनी रोममध्ये इतर स्त्रियांसह दहा दिवस उपवास केला. परिषदेने शेवटी न्याय्य युद्धाचा सिद्धान्त टाकून दिला नाही. पण सरसकट शहरे उद्ध्वस्त करणाऱ्या युद्धकृत्यांचा स्पष्ट निषेध केला आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यात तरतूद असावी असे म्हटले. अशा व्यक्तीला आपण मसुद्यात ‘लष्करी सेवा टाळणारा’ म्हटले असेल तर ते बदलावे. टाळणारा पळून जातो, हा समोर उभा राहून नाही म्हणतो; त्याच्यासाठी ‘विवेकनकारी’ हा शब्द घ्यावा आणि पहिल्या उल्लेखात त्याचा अर्थ एका वाक्यात उलगडून द्यावा.