पॅकेज बघून देश निवडू नका

उंबरठा (धागाकर्ता)

माझा मावसभाऊ अमेरिकेत मास्टर्स संपवतो आहे. परवा त्याने दोन ऑफर लेटरं पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली: "दादा, यात विचार करण्यासारखं काय आहे?" एक ऑफर कॅलिफोर्नियातली, वर्षाला १ लाख ८० हजार डॉलर. दुसरी म्युनिकची, ८० हजार युरो. त्याच्या लेखी प्रश्न मिटलेला आहे. मला त्याला घाई करू नकोस असं सांगायचंय, आणि का ते इथे मांडतो.

२०१५ ते २०२३ अशी आठ वर्षं मी अमेरिकेत प्रोग्रामरची नोकरी केली, बहुतेक काळ एच-वन-बीवर, म्हणजे कंपनीच्या अर्जावर मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर. पगार उत्तम होता, काम मनासारखं होतं. मग एका मंगळवारी सकाळी लॉगिनच होईना. दहा मिनिटांनी वैयक्तिक ईमेलवर पत्र आलं. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटाने ११ हजार आणि २०२३ च्या जानेवारीत गूगलने १२ हजार लोक कमी करत असल्याचं जाहीर केलं, तोच तो काळ. माझी कंपनी यातली नव्हे, पण लाट तीच.

एच-वन-बीवर नोकरी गेली की देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नोकरी मिळून भागत नाही, नव्या कंपनीने तुमचा अर्ज दाखलही करायला हवा. आरोग्यविमा महिनाअखेरीस संपला. कोब्रा कायद्याखाली तो चालू ठेवता येतो, पण कंपनी भरत होती तो वाटाही आपणच भरायचा आणि वर २ टक्के प्रशासन खर्च. बायकोचं वर्क परमिट माझ्या व्हिसाला टांगलेलं. मुलगी पहिलीत होती, आणि पुढच्या वर्षी हीच शाळा का, या तिच्या प्रश्नाला आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं. पन्नासाव्या दिवशी म्युनिकहून होकार आला.

इथे मागच्या हिवाळ्यात पाठीच्या दुखण्याने पाच आठवडे घरी होतो. आजारपणात पहिले सहा आठवडे पूर्ण पगार कंपनीने द्यायचा, हा कायदाच आहे. परत गेलो तेव्हा माझं काम वाटून घेतलेलं होतं आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. नोकरी गेलीच, तर दोन वर्षं बेकारी विम्याची वर्गणी भरलेल्याला वर्षभर निव्वळ पगाराच्या ६० टक्के मिळतात, मूल असेल तर ६७.

ऑफर लेटरवरचा आकडा सगळं सुरळीत चालू असतानाचा असतो. मी म्हणतो, बिघडल्यावर काय हाती उरतं ते आधी विचारा.

सेमीकोलन

असहमत, आणि अगदी मनापासून असहमत. तुमच्यावर आलं ते वाईटच. पण २४ वर्षांच्या मुलाला तुमच्या चाळिशीतल्या भीतीवरून सल्ला देऊ नका.

हिशोब मांडू. १ लाख ८० हजारांपैकी कर वगैरे जाऊन कॅलिफोर्नियात एकट्याच्या हाती १ लाख २० हजारांच्या आसपास पडतात. भाड्यासकट चांगलं राहून ६० हजार खर्च धरा. उरले ६० हजार. म्युनिकमध्ये ८० हजारांवर हाती साधारण ४८ हजार युरो. ३० हजार खर्च केले तर उरले १८ हजार. पाच वर्षांनी एकाकडे ३ लाख डॉलर, दुसऱ्याकडे ९० हजार युरो. नोकरी गेली तर ३ लाख डॉलरवाल्याला कुठल्या सरकारच्या भत्त्याची गरज आहे? तो वर्षभर नवं काहीतरी शिकत बसू शकतो. तुम्ही ज्याला सुरक्षितता म्हणता ती तो स्वतः विकत घेतो, आणि ती कुठल्याही देशात सोबत नेता येते. जर्मनीतला बेकारभत्ता सूटकेसमध्ये भरता येत नाही.

यात कंपनी पगाराबरोबर देते ते शेअर्स धरलेलेच नाहीत. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत ज्या आकाराच्या सिस्टिम्सवर हात बसतो, ती कमाई वेगळीच.

आकडेमोड

दोघांचेही हिशोब थोडे सरळ करतो.

सेमीकोलन, तुमचे हाती पडणारे आकडे बरोबर आहेत. पण त्यातून निघणारी गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. कॅलिफोर्नियात एक तृतीयांश जातात, जर्मनीत ४० टक्के. फरक फक्त सहा-सात टक्क्यांचा आहे, आणि जर्मनीतल्या ४० मध्ये आरोग्यविमा, पेन्शन आणि बेकारी विमा आलेला आहे. तेव्हा "युरोपात कर खाऊन टाकतो" हे रडगाणं खरं नाही. दरी मूळ पगारातच आहे. (टेक्सास किंवा वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा आयकर नाही, तिथे अमेरिकेचं पारडं आणखी जड होतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.)

आता एकट्या मुलाऐवजी एक कमावता, जोडीदार घरी आणि दोन मुलं असं घर घ्या. जर्मनीत पतीपत्नीचं उत्पन्न एकत्र करून निम्म्यावर कर मोजून दुप्पट करतात, त्यामुळे कर बराच उतरतो. सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळजवळ नाही. अमेरिकेत याच टप्प्यावर विम्याचा हप्ता फुगतो, पाळणाघर सुरू होतं आणि मुलांच्या कॉलेजसाठी बाजूला टाकायला लागतात. म्हणजे एकाच पगाराची तुलना २४ व्या वर्षी एक उत्तर देते आणि ३६ व्या वर्षी दुसरं. तुम्ही दोघं वेगवेगळ्या वयांबद्दल भांडताय.

तासांबद्दल एक सावधगिरी. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १,८०० तास काम आणि जर्मनीत १,३५० च्या आत, हे ओईसीडीचे (विकसित देशांच्या संघटनेचे) आकडे सगळे फेकतात. जर्मनीत अर्धवेळ काम करणारे पुष्कळ आहेत, त्याने सरासरी खाली येते. पूर्णवेळ प्रोग्रामरमध्ये इतका फरक नसतो. रजेचा फरक मात्र खराच: अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात सक्तीची पगारी सुट्टी शून्य दिवस, जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २०, आणि आपल्या क्षेत्रात सर्रास ३०.

दुसरी_पाळी

इतक्या हिशोबात बाळंतपणाचा रकाना कोणी घातला नाही, म्हणून लिहिते.

अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे रजा मिळते, तीही बिनपगारी आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीतच. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं स्वतःहून थोडी पगारी रजा देतात, मोठ्या कंपन्या तर चार-पाच महिनेही देतात. पण ते कंपनीचं औदार्य झालं, कंपनी बदलली की संपलं.

मी स्वीडनमध्ये आहे. दोघा पालकांना मिळून ४८० दिवस, त्यातले ९० दिवस प्रत्येकाचे स्वतःचे, दुसऱ्याला देता येत नाहीत. हे ९० दिवस माझ्या नोकरीसाठी सगळ्यात महत्त्वाचे ठरले. नवऱ्याने रजा घेतली नसती तर ती बुडालीच असती, म्हणून त्याने घेतली, आणि त्याच्या टीममधल्या सगळ्या बापांनी घेतलेली होती. मी परत रुजू झाले तेव्हा मूल त्याच्याकडे होतं आणि माझ्या डोक्यात फक्त काम होतं. मूल आजारी पडलं तर त्याची वेगळी रजा आहे, तिला इथे "व्हाब" म्हणतात. मीटिंगच्या मधोमध कुणीही "व्हाब" लिहून उठतो आणि मीटिंग पुढे चालू राहते.

तोटाही सांगते. भत्त्याला वरची मर्यादा आहे आणि आपल्या पगारांना ती लागते, त्यामुळे पगाराच्या ८० टक्के म्हणतात तेवढे हाती येत नाहीत. उरलेला भाग काही कंपन्या भरून देतात. आणि नोव्हेंबर ते जानेवारीचा अंधार पहिल्या वर्षी मला झेपला नव्हता. तरी माझ्या बरोबरीच्या, अमेरिकेत असलेल्या दोन मैत्रिणींनी पहिल्या मुलानंतर काम सोडलं. माझ्यापेक्षा दोघीही हुशार प्रोग्रामर.

सेमीकोलन

दुसरी_पाळी, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, मान्य. पण मग आकडेमोड म्हणतात तेच करा की. पहिली सहा-सात वर्षं अमेरिकेत कमवा, मूलबाळ व्हायच्या वेळी युरोपात या.

परतीचं_तिकीट

हा बेत मीही केला होता, पाच वर्षांचा. आता चौदावं चालू आहे.

पाच वर्षांनी काय होतं सांगतो. ग्रीन कार्डचा अर्ज पडलेला असतो. रोजगारावरच्या ग्रीन कार्डात एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग अशी तुंबली आहे की आज पाळी येते ती दहा वर्षांहून जुन्या अर्जांची. इतकी वर्षं रांगेत काढल्यावर ती सोडवत नाही. दर वर्षी वाटतं, आता थोडंच राहिलं. मधे घर घेतलं जातं, मुलं शाळेत रुळतात. आणि मूल २१ वर्षांचं झालं की ते आईबापांच्या अर्जातून बाहेर पडायची भीती असते, म्हणून ज्यांची मुलं मोठी आहेत त्यांच्या घरात तारखांशिवाय बोलणं नसतं.

आणखी एक, जे कोणी मोजत नाही. सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे अमेरिकेतलं सरकारी पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे सुमारे १० वर्षांचं काम. दोन्हीकडची वर्षं जोडून धरायचा करार भारत आणि अमेरिकेत नाही. उंबरठा, तुमच्या आठ वर्षांत कापले गेलेले पैसे कुठे आहेत, विचारलंत कधी?

पगार कमी म्हणून मी पस्तावत नाही, तो भरपूर आहे. निर्णय माझा राहिला नाही, याचा त्रास होतो.

उंबरठा (धागाकर्ता)

विचारलं होतं. आठ वर्षांवर थांबलो म्हणून तिकडचं पेन्शन नाही, निदान आत्ता तरी. जर्मनीशी मात्र करार आहे. इथली वर्षंही धरली तर अमेरिकेतलं तुटपुंजं का होईना पेन्शन मिळेल का, ते बघतोय.

आल्प्सपलीकडे

दोनच देशांत का अडकलात? स्वित्झर्लंडचा पगार अमेरिकेच्या जवळ जातो, कर कमी, किमान चार आठवडे रजा. पण दार अरुंद आहे: युरोपीय संघाबाहेरच्यांसाठी अख्ख्या देशाला वर्षाला ८,५०० परवाने, सगळे व्यवसाय मिळून. विमा माणशी स्वतःच विकत घ्यायचा आणि लहान मुलांचं पाळणाघर एका पगाराचा मोठा घास घेतं. नेदरलँड्सला जाणाऱ्यांनी ३० टक्के सवलतीवर भुलू नये. पगाराचा तेवढा भाग करमुक्त असतो तो फक्त पाच वर्षं, २०२७ पासून २७ टक्केच, आणि सहाव्या वर्षी हाती पडणारी रक्कम एकदम घसरते. त्या सवलतीच्या भरवशावर कर्ज काढून घर घेतलेले पाहिलेत.

जुना_कंपायलर

मी उलटा प्रवास केला आहे. जर्मनीत चार वर्षं काढून अमेरिकेत आलो, आणि परत जाणार नाही.

रजा ३० दिवस होती, खरं. पण कातडीच्या डॉक्टरची वेळ तीन महिन्यांनंतरची मिळाली. घर शोधायला सात महिने गेले. एका सदनिकेसाठी जिन्यात रांग, हातात पगाराच्या तीन पावत्या. प्रत्येक गोष्टीचं टपालाने पत्र, कठीण जर्मनमध्ये. ऑफिसची भाषा इंग्रजी होती, पण ठरवाठरव जेवणाच्या टेबलावर जर्मनमध्ये व्हायची. चार वर्षांनी मला कळलं की कोड लिहीत राहिलो तर इथून पुढे पगार जवळपास थिजलेला आहे, वाढवायचा तर मॅनेजर व्हा. मला मॅनेजर व्हायचं नव्हतं. अमेरिकेत मी पन्नाशीत कोड लिहितो आणि त्याचा मान राखला जातो, पगारातही.

नोकरीच्या संरक्षणाचंही तसंच. ते लागू होतं सहा महिन्यांनंतर आणि दहाहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. आणि कायम वास्तव्य मिळून पर्मनंट होईपर्यंत ब्लू कार्डही (बाहेरच्या उच्चशिक्षितांचा युरोपातला कामाचा परवाना) नोकरीलाच बांधलेलं असतं. जीवनमान म्हणजे सुट्ट्यांची संख्या असं धरून चाललंय इथे. माझ्या कामात मला मोठं होता येतं, हेही माझ्या जीवनमानात बसतं. ते धाग्यात कोणी लिहिलं नाही.

उंबरठा (धागाकर्ता)

जुना_कंपायलर, हे लागलं, कारण खरं आहे. माझाही पगार गेली दोन वर्षं महागाईपुरताच वाढला. भाषेबद्दल तर मी स्वतः दोषी आहे, जर्मनची बी-वन (मध्यम पातळीची) परीक्षा दिली ती दीड वर्षाने. ती झाली असेल तर ब्लू कार्डवाल्याला २१ महिन्यांत कायम वास्तव्य मिळतं, नाहीतर २७. पर्मनंट झाल्यावर नोकरी आणि देश यांची गाठ सुटते, आणि मला जी शांतता लाभली ती त्या दिवसापासूनची आहे, पहिल्या दिवसापासूनची नव्हे. मूळ धाग्यात हे मी सांगायला हवं होतं.

पण तुम्ही अमेरिकेत गेलात तेव्हा तुमच्याकडे ग्रीन कार्ड होतं का?

जुना_कंपायलर

होतं. बायको तिथली नागरिक आहे.

उंबरठा (धागाकर्ता)

मग आपण दोघं एकाच अमेरिकेबद्दल बोलत नाही.

सेमीकोलन

ते मान्य करतो. ग्रीन कार्डवाल्याची अमेरिका आणि एच-वन-बीवाल्याची अमेरिका वेगळी धरायला हवी, माझा ३ लाखांचा हिशोब पहिल्याला तंतोतंत लागू आहे. दुसऱ्यालाही मी अजून अमेरिकाच सांगेन, पण वर्षभराचा खर्च बँकेत पडेपर्यंत घर घेऊ नकोस, ही अट घालून.

मावसभावाने काय ठरवलं?

उंबरठा (धागाकर्ता)

त्याला हा धागा वाचायला दिला. त्याने दोन्ही कंपन्यांना एकच प्रश्न पाठवला: वर्षाला रजा किती? कॅलिफोर्नियाहून उत्तर आलं, "अमर्याद". त्याला आधी आनंद झाला. मग आकडेमोड यांनी त्याला व्यक्तिगत निरोपात समजावलं की त्या राज्यात साठलेली रजा ही कमावलेली मजुरी धरतात, नोकरी सुटताना तिचे पैसे द्यावेच लागतात. अमर्याद रजेत बहुधा काहीच साठत नाही, म्हणून देणंही राहत नाही.

म्युनिकवाल्यांनी नुसतं "३०" लिहून पाठवलं.

सही शुक्रवारपर्यंत करायची आहे. काल रात्री त्याने फोन करून मला जर्मनच्या वर्गाची फी विचारली, आणि लगेच म्हणाला, "दादा, याचा काही अर्थ काढू नकोस."