‘हॉटेलसारखं’ घरी करायचा अट्टहास

तव्यावरची : ‘पनीर बटर मसाला घरी हॉटेलसारखा होत नाही, उगाच गॅस जाळू नका’, असं कालच्या पोस्टमध्ये ठणकावलंय. का होत नाही? टोमॅटो, काजू, लोणी, वेलची एकत्र शिजवा, मिक्सरमधून काढा आणि गाळा. गाळायचा कंटाळा करायचा आणि वर म्हणायचं जमत नाही! रंगाला काश्मिरी मिरची, शेवटी कसुरी मेथी चुरडून. धुरासाठी वाटीत पेटता निखारा, त्यावर तूप, झाकण. रोटीला एका बाजूने पाणी लावा, लोखंडी तव्याला चिकटवा, तवा आचेवर उपडा धरा. माझ्या सासूबाईंनी दोनदा मागून घेतली, अजून काय पुरावा हवा?

ओटीजीग्रस्त : पोस्ट माझीच. आमच्याकडे इंडक्शन आहे, तवा कशावर उपडा धरू? तंदूर ४०० अंशांच्या वर तापतो, माझा ओटीजी ओव्हन २५०ला धापा टाकतो.

भांडीघाशा : चव येते हो. पण दोन पातेली, चाळणी, मिक्सरचं भांडं, कढई... रविवारी रात्री ते कोण घासतं? मी.

पंचगंगाकाठ : मुळात हॉटेल हा आदर्श कधीपासून झाला? आधी ती ‘व्हेज कोल्हापुरी’ बंद करा. फ्लॉवर-गाजर लाल ग्रेव्हीत बुडवायचं आणि नाव आमचं! आमच्या घरी हा प्रकार कधी शिजला नाही. पांढऱ्या रश्श्यात मटणाचं आळणी (मटण शिजवलेलं पाणी), नारळाचं दूध, खसखस असते. नुसता जाळ म्हणजे कोल्हापूर नव्हे.

तव्यावरची : विषय पनीरचा आहे.

सदाशिवपेठी : मी कोल्हापुरातच व्हेज कोल्हापुरी खाल्लीय. मेनूकार्डावर होती.

पंचगंगाकाठ : तुमच्यासारख्यांसाठीच ठेवतात!

सदाशिवपेठी : म्हणजे शाकाहारी माणसाने कोल्हापुरात उपाशी राहायचं?

पंचगंगाकाठ : मिसळ खा की! झुणका-भाकरी खा. आणि साखर घातलेल्या आमटीवर वाढलेल्यांनी आम्हाला तिखट शिकवू नये.

सदाशिवपेठी : गूळ. साखर नव्हे, गूळ. माहिती नसेल तर बोलू नये.

ओटीजीग्रस्त : बटर चिकन कुणाचं यावरून ‘मोती महल’ हॉटेलने २०२४ साली ‘दर्यागंज’ हॉटेलला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं. तुम्हीही जा. @तव्यावरची, ग्रेव्ही गाळून बघितली. बरी झाली. हॉटेलसारखी नाही, बरी.

तव्यावरची : लोणी किती घातलंत?

ओटीजीग्रस्त : एक चमचा.

तव्यावरची : मग टोमॅटोचं सार झालं असेल, भाताबरोबर खा.

भांडीघाशा : चाळणी लगेच भिजत घाला, वाळली की निघत नाही.