परसातल्या माशांच्या तळ्यापर्यंत वीज न्यायची आहे: केबल, आरसीसीबी, अर्थिंगबद्दल सल्ला हवा

कमळकाठ
तळं ३ मीटर बाय २ मीटर, खोली १ मीटर, म्हणजे साधारण ६,००० लिटर पाणी. घरातल्या डीबीपासून (वीज वाटपाच्या बोर्डापासून) अंतर २८ मीटर. चोवीस तास चालणारा ८० वॅटचा सबमर्सिबल पंप आणि ३५ वॅटचा एअर पंप, शिवाय १८ वॅटचा यूव्ही दिवा आणि पाण्यात १० वॅटचे दोन दिवे. सध्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड सोडलाय, तो पावसाआधी काढायचाय. केबल कुठली, किती खोल पुरायची, आणि एका आरसीसीबीवर (करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर) सगळं भागेल का?

तांबडी तार
एक्स्टेंशन आजच काढा, पावसाची वाट बघू नका. त्या बोर्डाला दवसुद्धा पुरतं.

तुमचा लोड सगळा मिळून दीडशे वॅट, जेमतेम १ अँपिअर. म्हणजे केबलची जाडी ठरवायला करंट हा मुद्दाच नाही. दीड एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटर) चालेल, तरी अडीचची घ्या. पुढे लोड वाढतो आणि तेव्हा परत कुणी चर खणत नाही. अडीचमध्ये २८ मीटरवर व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास पडेल, ते विसरून जा.

केबल तांब्याची, तीन कोरची, आर्मर्ड (लोखंडी तारांचं कवच असलेली). घरातली साधी फ्लेक्सिबल वायर पाइपात घालून पुरणं ही उधारी आहे. पाइपात पाणी साचतंच. चर ६० सेंमी खोल, गाडी जाते तिथे ७५. तळाशी ५ ते ७ सेंमी चाळलेली वाळू, त्यावर केबल थोडी सैल, नागमोडी. पुन्हा वाळू, मग विटांचा थर, माती, आणि वरून ३० सेंमीवर धोक्याची पिवळी पट्टी. मध्ये सांधा नको. २८ मीटरला ३५ मीटरचा अखंड तुकडा घ्या, कारण दोन्ही टोकांना वर चढायला आणि बॉक्समध्ये वळवायला केबल लागते. चर बुजवण्याआधी मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवा.

गळती_शून्य
केबल ठीक, पण माणसाचा जीव केबल वाचवत नाही, आणि एमसीबीही (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) नाही. पाण्यात हात घातलेल्या माणसातून ५० मिलिअँपिअर जात असले तरी ६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. ती वायर तापण्यापासून वाचवते, बस.

हवी ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. पट्टीवरचा आकडा नीट वाचा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची मिळते ती आगीच्या संरक्षणासाठी, अंगासाठी नाही. ३० वाली १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान ट्रिप व्हायला हवी. ३० ला जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंदांत, १५० ला ४० मिलिसेकंदांत. वेग कमी-जास्त करता येणारे पंप आणि एलईडीचे ड्रायव्हर असतील तर टाइप ए घ्या. त्यांच्या गळतीत डीसीचा अंश असतो, तो टाइप एसीला धड कळत नाही.

आता अर्थिंग. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधला फरक मोजते, अर्थ नसतानाही चालते. म्हणूनच लोक अर्थिंग टाळतात. पण अर्थ नसेल तर फुटलेल्या पंपातून गळणाऱ्या करंटला वाटच नाही. तुम्ही पाण्यात हात घातलात की ती वाट म्हणजे तुम्ही. अर्थ असेल तर गळती सुरू होताच ट्रिप होते, तुम्ही तिथे पोचायच्या आत. आणि टेस्टचं बटण अर्थिंग तपासत नाही, हे लिहून ठेवा. ते आतल्या रेझिस्टरमधून कृत्रिम गळती करतं, अर्थची वायर तुटलेली असली तरी खटकन पडतं. बटण महिन्याला दाबाच, पण अर्थ वेगळी मोजून घ्या. आर्मरची लोखंडी तारही ग्लँडने (केबल बॉक्समध्ये शिरते तिथे तिला आवळणाऱ्या फिटिंगने) पकडून अर्थला जोडलेली हवी.

मासोळी
वरच्यांना मासे दिसत नाहीयेत! एकाच आरसीसीबीवर सगळं टाकलं आणि रात्री पाण्यातल्या दिव्यात पाणी शिरलं, तर पंप आणि हवा दोन्ही बंद. गर्दीच्या तळ्यात, उन्हाळ्यात, सकाळपर्यंत मासे पृष्ठभागावर तोंड काढून हापापताना दिसतील, किंवा तेही नाही. पंप, एअर पंप, आणि यूव्हीसकट दिवे असे तीन आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) वेगळे ठेवा.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर बसवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. वीज गेली की पाणी नळीतून उलटं चढून पंपात जातं, आणि वीज आल्यावर तो ओला पंप चालू होतो.

आणि सबमर्सिबल घेताना तेल भरलेल्या मोटरचा नको. सील गेलं की तेल थेट पाण्यात. इपॉक्सीत बंद केलेला मॅग्नेटिक ड्राइव्हचा घ्या. उचलायचा तो दोरीने, केबलला धरून कधीच नाही. केबल शिरते तिथलं सील त्याच ओढीने सुटतं. केबल खरचटली तर वर टेप गुंडाळू नका, पंप बदला.

तांबडी तार
मासोळींशी सहमत. मग रचना अशी: घरातून ६ अँपिअरची एमसीबी आणि आर्मर्ड केबल, आणि तळ्याजवळ आयपी६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न येणाऱ्या) बॉक्समध्ये डबल पोल आयसोलेटर (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच) आणि तीन आरसीबीओ. मुख्य खबरदारी: घराच्या ३० मिलिअँपिअर आरसीसीबीच्या पुढून फीड घेऊ नका, तिच्या आधीच्या बाजूने वेगळा घ्या, नाहीतर तळ्यातल्या दोषाने घर अंधारात. हे काम लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

बॉक्स काठापासून किमान २ मीटर, जमिनीपासून १ मीटर उंच खांबावर, सावलीत. सगळ्या केबली खालून शिरवा, वरून एकही नको. शिरण्याआधी केबलला खाली लोंबता वेढा द्या म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. न वापरलेली भोकं बंद. एवढं करून आत दमटपणा दिसला तर ग्लँड बघा: गोल केबलचा ग्लँड चपट्या केबलला लावला की बाजूला चंद्रकोरीएवढी फट राहते, आणि मुंग्या पाण्याआधी तिथून घर करतात.

कमळकाठ
धन्यवाद, चित्र स्पष्ट झालं. दोन शंका. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे घेतले तर आरसीबीओ लागेल का? आणि मुसळधार पावसात ट्रिप व्हायला लागलं तर दोष कुठे शोधायचा?

गळती_शून्य
लागेल, ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्ट बाजूसाठी. ट्रान्सफॉर्मर आयसोलेटेड, सेफ्टी प्रकारचा हवा, त्याची १२ व्होल्टची बाजू अर्थला जोडायची नाही, आणि तो बॉक्सजवळ असावा, पाण्यात नाही. फार लांबही ठेवू नका, १२ व्होल्टवर एक व्होल्ट पडला तरी उजेड घटतो.

ट्रिप शोधताना अंदाजाने काही बदलू नका. आधी सगळे प्लग काढा, मग एकेक लावा. सगळं काढूनही पडत असेल तर दोष बॉक्समध्ये किंवा त्यापुढच्या वायरिंगमध्ये. वायरमनने वीज बंद करून, आरसीबीओ आणि उपकरणं सोडवून, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) बघावं. १ मेगाओमच्या खाली गेलं तर नापास, नवी केबल शेकड्यांत दाखवते. प्लग काढल्यावर पडत नसेल तर चालू सर्किटवर गळती मोजणाऱ्या क्लँप मीटरच्या जबड्यात फेज आणि न्यूट्रल एकत्र घाला. येणारा आकडा म्हणजे गळती. प्रत्येक आरसीबीओवर ती ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवा. नव्या वायरिंगला कोरड्यातही पडत असेल तर मात्र बहुतेक वेळा न्यूट्रल चुकलेला असतो: एका आरसीबीओचा न्यूट्रल दुसऱ्याच्या न्यूट्रल बारवर.

मासोळी
इन्व्हर्टरवर पंप चालवणार असाल तर एक विचारून घ्या: इन्व्हर्टर चालू असताना त्याचा न्यूट्रल अर्थला जोडलेला असतो का? नसेल तर फेज पाण्यात गळली तरी करंटला परतीची वाट नाही आणि आरसीबीओ पडत नाही, टेस्ट बटण मात्र खुशाल पडतं. चाचणी वीज असताना एकदा आणि इन्व्हर्टरवर एकदा, आरसीडी टेस्टरने (आरसीसीबी-आरसीबीओ तपासणाऱ्या यंत्राने) घ्या.