विषय: मराठी शाळेसाठी लॅपटॉप, देणग्या आणि मोफत साधनं

प्रेषक: शाळा समिती

नमस्कार मंडळी,
येत्या सत्रात आपल्या रविवारच्या शाळेत तीन वर्ग असतील. दहा नवीन क्रोमबुक (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारे लॅपटॉप) घ्यावीत असं पालकांचं म्हणणं आहे, पण फीमधून एवढा खर्च निघणार नाही. डोनर्सचूज या वर्गासाठी देणग्या मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर अर्ज करावा का? आपलं मंडळ ५०१ सी ३, म्हणजे अमेरिकेत करमुक्त ना-नफा संस्था म्हणून नोंदलेलं आहे.

प्रेषक: खजिनदार, शेजारचं मंडळ

ताई, डोनर्सचूजमध्ये वेळ घालवू नका. ती सोय सरकारी शाळांतल्या पूर्णवेळ शिक्षकांसाठी आहे.

५०१ सी ३ आहे ना, मग बरंच काम झालंय. आयआरएसचं (अमेरिकेच्या करखात्याचं) डिटर्मिनेशन लेटर, म्हणजे करमुक्तीचं पत्र, आणि ईआयएन, म्हणजे संस्थेचा करक्रमांक, हाताशी ठेवा. पत्रातलं नाव आणि मंडळाचं आजचं नाव अक्षरशः जुळायला हवं, नाहीतर पडताळणी तिथेच अडते. मग गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स या ना-नफा संस्थांसाठीच्या योजनेचा अर्ज मंडळाच्या नावाने करा. गूगल या योजनेत शाळा-कॉलेजांना घेत नाही, म्हणून अर्जात वस्तुस्थिती नीट मांडा: संस्था सांस्कृतिक आहे, शाळा हा तिचा एक उपक्रम. मंजुरी आली की वर्कस्पेस (गूगलची ईमेल, डॉक्स वगैरे साधनं) फुकट. कॅनव्हा या डिझाइनच्या साधनाचा अर्ज वेगळा. तिथे ५० जणांपर्यंत पैसे पडत नाहीत.

रोख पैसा हवा असेल तर पालकांच्या कंपन्यांचं मॅचिंग, म्हणजे कर्मचाऱ्याच्या देणगीला कंपनीने जोडलेली रक्कम, सगळ्यात जवळचं. अशा देणग्या हाताळणाऱ्या बेनेव्हिटी या वेबसाइटवर ईआयएन टाकून मंडळ शोधा. नाव दिसलं तरी तेवढ्यावर थांबू नका. तिथलं मंडळाचं खातं ताब्यात घेऊन बँक जोडा, नाहीतर चेक जुन्या पत्त्यावर जाऊ शकतो. शिकवण्याचे तासही मोजून ठेवा. अमेरिकेतल्या कर्मचाऱ्याने केलेल्या स्वयंसेवेच्या दर तासाला मायक्रोसॉफ्ट संस्थेला २५ डॉलर देते. इतर कंपन्यांचे नियम आणि मुदती वेगळ्या, त्या पालकांनीच आपल्या एचआरला विचाराव्यात.

एक मात्र सांभाळा: शाळेची फी म्हणजे देणगी नव्हे. फीच्या पावतीवर मॅचिंग मागू नका. देणगीची पावती वेगळी द्या. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला करसवलतीसाठी लेखी पोच लागतेच.

प्रेषक: तांत्रिक समिती

माझं स्पष्ट मत, नवीन काही घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ न चालणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप घराघरांत, ऑफिसांत पडून आहेत. तेच मागवा. इंटेल किंवा एएमडीचा ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १६ जीबी डिस्क एवढं असलं की क्रोमओएस फ्लेक्स, म्हणजे जुन्या लॅपटॉपवर चढवायची गूगलची क्रोमओएस, चालतं, तेही फुकट.

८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या, क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी या गूगलच्या साधनाने त्यावर फ्लेक्स चढवा, लॅपटॉप त्यावरून सुरू करा. आधी इन्स्टॉल न करता चालवून वायफाय, आवाज आणि टचपॅड तपासा, कारण इन्स्टॉल केलं की डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. ऑफिसच्या लॅपटॉपला बायोसचा (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगचा) पासवर्ड असला तर लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करता येत नाही. पासवर्ड काढूनच द्या, असं त्यांच्या आयटीला आधी सांगा.

स्कूल डिस्ट्रिक्टने (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) वापरातून काढलेली क्रोमबुक मिळत असतील तर जास्त जपून. डिस्ट्रिक्टने आपल्या यादीतून ती मोकळी केली नसतील तर पॉवरवॉश (सगळं पुसून मूळ स्थितीत आणणं) केल्यावरही पुन्हा त्यांचंच लॉगिन मागतात. शिवाय प्रत्येक मॉडेलचे अपडेट एका ठरावीक तारखेला थांबतात. ती तारीख बघूनच हो म्हणा.

प्रेषक: शाळा समिती

मनापासून आभार! लहान मुलांना मंडळाची ईमेल खाती द्यायची का?

प्रेषक: तांत्रिक समिती

नाही. तेरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला कोप्पा हा मुलांच्या ऑनलाइन माहितीचा अमेरिकी कायदा लागू होतो, उगाच जोखीम नको. गेस्ट मोड (खात्याशिवाय लॅपटॉप वापरणं) पुरेसा आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवर मराठी गोष्टी लॉगिनशिवाय वाचता येतात. बहुतेक गोष्टी सीसी बाय (श्रेय देऊन मोकळेपणाने वापरा) परवान्याखाली आहेत, म्हणजे छापून वाटताही येतील. फक्त लेखक, चित्रकार आणि परवान्याची ओळ कापू नका.

तक्ते करताना टिरो देवनागरी मराठी हा फुकट फाँट वापरा. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. बऱ्याच फाँटांत ते हिंदी वळणाचे येतात आणि नुकतीच अक्षरं गिरवणारी मुलं गोंधळतात.